एका डोंगरातील अनेक बिळे

वसंत व्याख्यानमालेत उंदरांवर व्याख्यान आहे असे जाहीर झाले तेव्हा पुष्कळांना ती थट्टाच वाटली असेल. त्यातून वक्ता कामगार संघटनेचा. तेव्हा उंदरांची एकजूट, मांजराच्या गळ्यातली घंटा असे काहीतरी बोधपर ऐकावयास मिळेल, या अपेक्षेने जे आले असतील त्यांची निराशा होणार आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. रानातले उंदीर एकजूट करीत नाहीत. निरनिराळ्या जातींचे उंदीर एकमेकांशी नित्य लढाई करतात असेही नाही. एकाच डोंगरात पाचसहा जाती पिढ्यान् पिढ्या नांदतात, आणि त्यांची गाठ शक्य तितकी कमी पडावी अशी त्यांची राहणी असते. ही गोष्ट प्रथम कोणाला ठाऊक होती, कागदावर ती कोणी उतरविली, आणि उतरविताना कोणाची नावे राहिली व कोणाची गेली, हा आजचा विषय आहे. मजुरी, हजेरी आणि नावनिशी यांचा प्रश्न त्यात पदोपदी येतो. म्हणूनच तो मी मागून घेतला.

प्रथम नांदणूक कशी असते ती पाहू. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा एखादा उतार डोळ्यांपुढे आणा. खाली तांबड्या मुरमाची दरड, तिच्यावर करवंदीच्या जाळ्या, मध्ये गवताचे पट्टे, वर झाडी, आणि झाडीत खडकांच्या कपारी. मुरमाच्या दरडीत काटेरी उंदराचे बीळ असते. हा जीव वीतभरही नसतो; अंगावरचे केस मात्र चपटे व राठ, म्हणून त्याला हे नाव. त्याच्या बिळाची खूण बाहेरूनच पटते, कारण तोंडाशी बारीक खड्यांचा ढीग असतो. प्राणी आत असला म्हणजे खड्यांनी दार बुजविलेले असते, आणि आतल्या निजण्याच्या जागेतही खड्यांचेच अंथरूण. हा रात्रीचा हिंडणारा. वरच्या करवंदीच्या जाळीत दुसराच भाडेकरू राहतो. तो काट्यांच्या आश्रयाने सुक्या गवताच्या काड्यांचा गोल गोळा विणतो, गोळ्याच्या पोटात आपण वेटोळे करून बसतो, आणि जाळीतून जाण्यायेण्याने त्याच्या बारीक मळलेल्या वाटा पडतात. हा चालीने मंद आहे, इतर उंदरांसारखी उडी त्याला साधत नाही. हराळीची मुळे खातो, आणि सकाळी व संध्याकाळी उजेडात चरतो.

झाडीत शिरले की पुन्हा निराळी वस्ती. ज्याच्या शेपटीचा शेवटचा भाग पांढरा असतो असा एक मोठा रानउंदीर रात्री खाली जमिनीवर आणि खोडांवर फिरतो. त्याच्या डोक्यावर, डहाळ्यांत, झाडउंदीर राहतो. त्याचे शेपूट देहाहून लांब असून फांदीला वेढा घालण्याच्या कामी येते, आणि पायाची बोटे अशी की बारीक डहाळी चिमटीत धरता यावी. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. त्याही वर, दिवसाउजेडी, खारी. आणि शेंड्यांवर आपल्या राज्याचा प्राणी म्हणून मिरविणारा शेकरू. शेकरू हाही दातांच्या रचनेने उंदरांचाच भाऊबंद आहे; परंतु त्याची थोरवी सगळे गातात, म्हणून त्याला येथे सोडून देतो.

तात्पर्य, डोंगर एक असला तरी मजले निरनिराळे आहेत, आणि मजला एक असला तर पाळी निराळी आहे. ज्यांनी कापडगिरणी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. पहिल्या पाळीचा माणूस माग सोडून जातो, तेव्हा दुसऱ्या पाळीचा त्याच मागावर उभा राहतो. दोघांची ओळख असतेच असे नाही. भांडण होत नाही त्याचे कारण प्रेम नव्हे, घड्याळ आहे.

या वाटणीला शास्त्रीय भाषा मिळाली ती गेल्या शतकात. रशियात गॉस नावाच्या तरुण संशोधकाने १९३४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन जातींचे जीव त्याने एका नळीत, एकाच अन्नावर ठेवले. काही दिवसांनी एकच जात उरली. दुसऱ्या एका जोडीत मात्र दोन्ही जाती टिकल्या. कारण एक नळीच्या वरच्या भागात चरू लागली आणि दुसरी तळाशी. दोन जातींची गरज सर्वस्वी एकच असेल तर त्या एकत्र टिकावयाच्या नाहीत. टिकल्या असतील तर कोठेतरी वाटणी झालेली असलीच पाहिजे, असा नियम त्यातून पुढे आला. त्याच रशियातल्या क्रोपॉटकिनचे परस्पर साहाय्यावरचे १९०२ चे पुस्तक मला अधिक प्रिय आहे, हे मी लपवीत नाही. परंतु प्रिय असणे वेगळे आणि उंदरांना लागू पडणे वेगळे. डोंगरातल्या उंदरांच्या बाबतीत गॉसचे म्हणणे अधिक जुळते. आणि उंदरांवरून माणसांसाठी नियम काढण्याचा मोह दोन्ही बाजूंच्या पंडितांनी आवरलेला बरा.

आता गॉसच्या शंभर वर्षे मागे चला. करवंदीच्या जाळीतला उंदीर सकाळी चरतो, मुरमातला खडे रचतो, हा तपशील मी वर सांगितला तो कोणा आधुनिक प्रयोगशाळेतला नाही. तो वॉल्टर एलियट या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलेला आहे. एलियट हा मद्रासच्या मुलकी सेवेतला. १८०३ चा जन्म, ऐन विशीत त्याची नेमणूक धारवाडकडे झाली. त्या प्रदेशाला इंग्रज दक्षिण मराठा मुलूख म्हणत. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माने उठाव केला, त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि दोन तरुण अधिकारी कैदेत पडले. त्या दोघांपैकी एक हा एलियट. सुटका झाल्यावरही तो त्या भागात बरीच वर्षे राहिला, आणि त्याने तेथल्या सस्तन प्राण्यांची यादी तयार केली. ती १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात छापली गेली. तिच्या आधी कर्नल साइक्सने १८३१ साली दख्खनच्या प्राण्यांची यादी केली होती. पण साइक्सची यादी म्हणजे यादी. एलियटच्या यादीत उंदरांच्या घरात डोकावल्यासारखे वाटते.

हे त्याला कसे साधले? धारवाडची जागाच मोठी सोयीची आहे. पूर्वेला सपाट काळी जमीन, पश्चिमेला काही कोसांवर मलनाडचे डोंगररान, आणि मध्ये तांबड्या मुरमाचा पट्टा. तीन प्रकारची जमीन हाताशी. परंतु जागेहून मोठी सोय वडारांची होती. वडार म्हणजे मातीकाम करणारा समाज. तळी खणावी, बांध घालावे, विहिरी उपसाव्या, दगड फोडावे, हे त्यांचे पिढीजात काम. ज्याची कुदळ रोज जमिनीत जाते त्याला जमिनीत कोण राहते हे कळणारच. शिवाय शेतातली लहान घूस, जिला त्या भागात कोक म्हणत, ती ते पकडून खात, आणि सुगीच्या दिवसांत तिच्या बिळात साठविलेले धान्य खणून काढीत. चांगल्या रानात हे धान्य इतके निघे की त्या हंगामात त्यांचे पोट जवळजवळ त्यावरच चाले, असे एलियट नमूद करतो. बिळाचे तोंड कोणत्या मातीत आहे, कोणत्या आकाराचे आहे, समोर खडे आहेत की मातीचा ढीग, यावरून आत कोण आहे हे ओळखणे ही त्यांची चूल पेटण्याची अट होती. अशा अटीवर मिळविलेले ज्ञान सहसा कच्चे राहत नाही.

आता नावांची गंमत पाहा. एलियटने आपले नमुने व टिपणे विलायतेस धाडली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने १८३७ साली त्यांचे शास्त्रीय बारसे केले. जाळीतल्या उंदराला कानडीत गुलांडी म्हणत. त्याचे झाले गोलुंडा. मुरमातल्या काटेरी उंदराला वडार लेग्याडे म्हणत; त्याचे लेगाडा. हे नाव पुढे शास्त्रज्ञांनी मागे टाकले, पण शंभरावर वर्षे ते ग्रंथांत नांदले. काळ्या मातीतल्या मऊ केसांच्या उंदराला वडार मेट्टाड म्हणत, त्याचे मेल्टाडा. आणि कोकचे नुसते कोकच राहिले. म्हणजे लॅटिन म्हणून जगभर जे शब्द गेले, त्यांच्या मुळाशी कुदळवाल्यांची व कुणब्यांची बोली आहे. एलियटने जमातीचे नाव प्रामाणिकपणे दिले आहे. इतर कित्येकांनी तेवढेही केले नसते. परंतु बीळ दाखविणाऱ्या एकाही माणसाचे व्यक्तिगत नाव तेथे नाही.

मेट्टाडच्या नावाला पुढे आणखी एक शेपूट फुटले. १९११ साली लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसने या उंदरासाठी नवी प्रजाती केली आणि तिला नाव दिले मिलार्डिया. मिलार्ड हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस, आणि व्यवसायाने फिप्सन कंपनी या मद्यविक्रीच्या पेढीचे भागीदार. तेव्हापासून आपल्या शेतातला हा उंदीर शास्त्रात मिलार्डिया मेल्टाडा म्हणून ओळखला जातो. पहिले नाव मुंबईच्या मद्यव्यापाऱ्याचे, दुसरे वडारांच्या तोंडचे. मिलार्डविषयी मी हे कुत्सितपणे बोलत नाही. त्यांनी पुष्कळ चांगले काम केले, आणि त्याचा उल्लेख पुढे येणार आहे. पण एका उंदराच्या नावात इतकी वर्गव्यवस्था मावलेली मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही.

या मेट्टाडचा १८२६ सालचा प्रताप एलियटने स्वतः पाहिला. हा उंदीर स्वतः फारसे खणत नाही. झुडपाच्या मुळाशी कसेबसे एक भोक, शेतातल्या दगडांच्या ढिगाची आडोशाची जागा, किंवा कोकने सोडलेले जुने बीळ, एवढ्यावर त्याचे भागते. आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला ज्या खोल भेगा पडतात त्या म्हणजे तर त्याला आयते वाडे. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, आणि आत असलेले मेट्टाड दरवर्षी मोठ्या संख्येने गाडले जातात. अंतरवाली सराटीच्या शिवारात हे कोणास समजावून सांगावयास नको. चैत्रवैशाखात जिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो ती जमीन मृगाच्या दोन सरींनंतर कशी सांधते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्या भेगेबरोबर कोणाची घरे मिटतात, इकडे आपले लक्ष जात नाही.

१८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढ धरून बसला. भेगा मिटल्या नाहीत, गाडले जावयाचे ते जगले, आणि त्यांची वीण अशी वाढली की पेरलेले बी ते लगेच उकरून खाऊ लागले. त्यातून उगवले ते पिकावर आल्यावर ज्वारीच्या ताटावर चढून कणसे तोडू लागले. शेतेच्या शेते बसली, आणि शेतकऱ्यांना सरकारसारा भरता येईना. तेव्हा रयतेने वडारांना कामाला लावले. मजुरी ठरली ती अशी: इतके डझन मेलेले उंदीर आणावे, एक माप धान्य न्यावे. आजच्या भाषेत ही उक्ती, नगावर मजुरी. हजारोंनी उंदीर मारले गेले, तरी संख्येत फरक दिसेना.

या हकिकतीत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, वाटणी ही कराराने टिकत नाही, ती भेगेने व पावसाने टिकते. भेग मिटण्याचे चुकले की एक जात साऱ्या शिवाराची मालक होते. दुसरी, त्या वर्षी सर्वांत निश्चित मजुरी ज्यांना मिळाली असेल त्यांनाही ती नष्ट होत चाललेल्या पिकातूनच मिळत होती. माप देणाऱ्याचा कणगा रिता झाला की मारणाऱ्याची चूलही थंड.

असाच उत्पात १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ दख्खनवर आला. १८७८-७९ च्या सुगीत उंदरांनी मांडलेल्या उच्छादाविषयी अमेरिकन मिशनचे रेव्हरंड फेअरबँक यांनी लिहून ठेवले आहे. हे मिशनरी गोदावरीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात राहिलेले. दुष्काळ संपला, पाऊस झाला, पीक उभे राहिले, आणि ते पाहण्यास जगलेल्या माणसांच्या पुढ्यातून उंदरांनी ते नेले. दुष्काळाचे इतिहास लिहिणारे बहुधा पाऊस पडला तेथे लेखणी ठेवतात.

आपल्या भागात पुढे एक मोठा पालट झाला, तो जायकवाडीचा. १९७६ साली धरणाचे लोकार्पण झाले, डावा कालवा अंबड तालुक्यातून पुढे गेला, आणि कालव्याखाली ऊस आला. बारमाही ओली राहणारी जमीन भेगाळत नाही. भेगेत राहणाऱ्याचे राज्य तेथे संपते, आणि ओल्या बांधात खोल बीळ करणाऱ्या लहान घुशीचे सुरू होते. कोरडवाहू जमीन बागायती झाली की उंदरांच्या जातींचे प्रमाण असे पालटते, हे कृषिशास्त्रज्ञांनी देशात ठिकठिकाणी पाहिलेले आहे. एलियटच्या काळी जी वाटणी मातीच्या रंगावर होती ती आता पाण्याच्या पाळीवर आली, असे म्हणावयास हरकत नाही.

सपाटीवर इतका वेळ घालविला याचे कारण, भेग दिसते, तिचे मिटणे दिसते. डोंगररानात हीच गोष्ट झाडांच्या आड चालते, आणि ती दिसावयास फार वर्षे लागली.

१९११ साली नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानच्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली. तिच्या प्रवर्तकांत मिलार्ड होते. पगारी संग्राहक नेमून क्रंप नावाच्या गृहस्थांना प्रथम पाठविले ते आपल्या खानदेशात. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातून निवृत्त झालेले रॉटन हे लंडनला बसून आलेल्या कातड्यांची छाननी करीत. १९२३ पर्यंत हे काम चालले. त्यातून कोणत्या डोंगरात कोणती जात आहे याचा पहिला भरवशाचा पट तयार झाला. परंतु पेटीतले कातडे लांबी सांगते, रंग सांगते, तो जीव किती वाजता घराबाहेर पडत होता हे सांगत नाही. पाहणीने रानाची खानेसुमारी केली. रानात शेजार कसा चालतो हे कळण्यासाठी तेथे वर्षानुवर्षे पिंजरे लावून बसावे लागते, आणि तशी निकड निर्माण झाली ती एका तापामुळे.

१९५७ साली म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानाभोवती वानरे व माकडे मरून पडू लागली, आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुण्याला १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र निघाले होते. तेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. तेथल्या शास्त्रज्ञांनी विषाणू ओळखला आणि तो गोचिडीतून पसरतो हे दाखविले. मग प्रश्न आला, की माकडे मरण्याच्या आधी व नंतर हा विषाणू रानात राहतो कोठे? या प्रश्नापायी ट्रॅपिडो, बोशेल, राजगोपालन इत्यादी मंडळींनी कित्येक वर्षे त्या डोंगररानात उंदीर धरले, त्यांना खूण करून सोडले, पुन्हा धरले. कोण कोठे राहतो, किती दूर जातो, कोणत्या महिन्यात कोणाच्या अंगावर किती गोचिडी, याच्या नोंदी झाल्या. एलियटने वडारांकडून जे ऐकले होते त्याचा हा दुसरा, मोजमापाचा अध्याय होय.

त्यातून जे चित्र उभे राहिले ते थोडक्यात असे. या गोचिडीला आयुष्यात तीन वेळा रक्त लागते. अगदी लहानपणी व मधल्या अवस्थेत ती उंदीर, चिचुंदरी, खार, जमिनीवर चरणारे पक्षी आणि माकडे यांच्या अंगावर पोसते. मोठी झाली की गुरांच्या. (चिचुंदरी उंदीर नव्हे, हे जाता जाता सांगतो, तिचे दात निराळे, कूळ निराळे.) पांढऱ्या शेपटीचा उंदीर दाट रानात, काळ्या उंदराचा रानटी भाऊ रानात व रानाच्या कडेला, असा त्यांचा शेजार असतो. रान अखंड असते तोवर प्रत्येकाच्या गोचिडी बव्हंशी आपापल्या हद्दीत फिरतात. पण रान तोडून मध्ये भाताची खाचरे झाली, तोडलेल्या कडेला घाणेरी माजली, आणि तिच्यातून गुरे जाऊ लागली, म्हणजे हद्दी पुसतात. गुरे मोठ्या गोचिडीला पोसतात, गोचीड तेथेच अंडी घालते, आणि त्यांतून निघालेल्या असंख्य पिल्लांना कडेच्या जाळीत उंदीर तयारच असतात. बोशेल यांचे म्हणणे असे होते की, विषाणू रानात फार पूर्वीपासून गुप्तपणे असावा. त्याला उघड्यावर आणले ते वस्ती वाढल्याने झालेल्या या उलथापालथीने. मला हे म्हणणे पटते. १८२६ साली भेग मिटली नाही म्हणून मेट्टाड शिवारभर झाला. १९५७ साली रानाची कड फाटली म्हणून रानातला ताप गावात आला.

उंदरांच्या या अभ्यासातून पुणेकरांना घरच्याच डोंगरावर एक लाभ झाला. पुण्याच्या याच केंद्रातील मिश्रा व धांडा या दोघा संशोधकांनी मिलार्डिया प्रजातीचा नव्याने आढावा घेतला, तेव्हा सिंहगडाच्या माथ्यावर मिळालेला एक उंदीर मेट्टाडहून मोठा व निराळा असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९७५ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला कोंडाणा हे नाव दिले. मेट्टाड खाली काळ्या रानात, आणि त्याचा हा थोरला भाऊ बाराशे मीटरांहून उंच माथ्यावरच्या झुडपांत, अशी या भावांची वाटणी. ज्या गडावर पिठलेभाकरी खाण्यास लोक हजारोंनी जातात, त्या गडाच्या नावाचा हा जीव जागतिक यादीत धोक्यातल्या प्राण्यांत नोंदलेला आहे, आणि गडावर तानाजीची हकिकत सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे अस्तित्व ठाऊक असते.

माकडताप क्यासनूरला थांबला नाही. सह्याद्रीच्या रांगेने तो उत्तरेस सरकत आला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली त्याची साथ झाली, आणि २०१६ च्या आरंभी महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात तो प्रकट झाला. पुढच्या हंगामात बांदा परिसरातही. बाधा झालेल्यांत शंभरातले तीन ते पाच दगावतात, असा या रोगाचा सर्वसाधारण अनुभव आहे. कर्नाटकात वर्षानुवर्षे जी लस दिली जात होती तिचा गुण कमी पडतो असे दिसून आले, आणि २०२२ पर्यंत तिचा वापर थांबला.

गोव्यात ताप कोणाला जडला? काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना. विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच हा धंद्यातून होणारा संसर्ग म्हणून नोंदविला. काजूची बाग म्हणजे रानाच्या कडेची बाग. खाली वाळलेला पाला, बाजूला जाळी, पाल्यात उंदरांची ये-जा, आणि पिकून पडलेला काजू वाकून, पाल्यात हात घालून वेचावयाचा. गोचिडीच्या ज्या मधल्या अवस्थेपासून माणसाला सर्वांत अधिक धोका, तिचा जोर जानेवारी ते मार्च; काजूचा हंगाम फेब्रुवारीत भरास येऊ लागतो. उंदरांनी आपापल्या पाळ्या लावून घेतल्या आहेत, पण वेचणाऱ्या बाईला दुसरी पाळी मागता येत नाही.

येथे माझ्या धंद्याचा भाग येतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तिसरे परिशिष्ट होते, त्यात धंद्यातून जडणाऱ्या रोगांची यादी होती. तिच्यात अगदी आरंभी, ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे अशा कामातून झालेले सांसर्गिक रोग, अशी नोंद होती. इस्पितळ, प्रयोगशाळा, जनावरांची हाताळणी यांच्यानंतर असा धोका असलेली इतर कामे असेही शब्द होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी तिसऱ्या परिशिष्टातच आहे. त्या शब्दांत काजू वेचणारी बसते, असे माझे मत आहे, आणि शास्त्रज्ञांचा निबंध हाती असता ते मांडणे अवघड जाऊ नये. अवघड आहे ते त्याच्या आधीचे. ती कोणाकडे कामाला होती हे दाखवावे लागते. बागा हंगामापुरत्या खंडाने दिल्या जातात. खंडकरी मुकादमाला सांगतो, मुकादम शेजारच्या वाडीतून बायका आणतो. काजू किलोवर मोजून घेतला जातो, त्याचा हिशेब वहीत असतो, वेचणारीचे नाव बहुधा नसते. एलियटच्या काळी डझन मोजले जात आणि वडाराचे नाव नसे; मोजण्याचे माप तेवढे बदलले.

म्हणून हंगामाच्या आरंभी साध्या कोऱ्या वहीत बागेचे नाव, तारीख आणि वेचणाऱ्यांची नावे मांडून मुकादमाची सही घ्यावी, असे मी सुचवीन. बाकीच्या गोष्टी आरोग्य खात्याची माणसे सांगतच असतात: रानात जाण्यापूर्वी हातापायांना गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, अंगभर कपडे घालावे, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी, पाल्यावर टेकू नये. आणि मेलेले वानर किंवा माकड दिसले तर त्याला हात न लावता लगेच कळवावे. ते सर्वांच्या आधी दिसते ते पाला तुडवीत रानाच्या कडेने चालणाऱ्यालाच. १९५७ साली क्यासनूरलाही माकडे मरू लागली आहेत हे प्रथम दिसले ते तिथल्या गावकऱ्यांनाच.